कळीचा चुना

आसारामनं पहार घातली ती नव्यानं उचललेल्या भिंतीतच. ओल्या चुन्यात बसवलेले दगड अजून एकमेकांना धरायचे होते. दोन घावांत अर्धी भिंत पुष्पावतीच्या पायाशी आली.

"भावजी, माझ्या वाट्याची भिंत हाय ती."

"पडकं घर चुन्या-दगडात परत उभं करून कुनाला दाखवायचंय, वैनी? तिसगावच्या बाजाराला लागून जागा हाय. हितं गाळे काढायचेत."

म्हातारा गवंडी मेहताब मधे पडला. आसारामनं पहार आडवी फिरवली. खांद्याचं हाड मोडलेलं पुष्पावतीला ऐकू आलं. मेहताब खाली बसला, तरी आसारामनं पहार पुन्हा वर उचलली.

पुढ्यातल्या खड्ड्यात कळीचा चुना नुकताच पाणी पिऊन खदखदत होता. पुष्पावतीनं फावडं भरलं आणि तो चुना दिराच्या तोंडावर मारला.

माणूस असा ओरडू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. तो डोळे चोळायला लागला तशी ती धावली. त्याचे हात मागं पिरगाळून तिनं त्याला पाण्याच्या टिपाडाकडं फरफटत नेलं आणि डोकं आत दाबलं. वर काढलं, पुन्हा दाबलं. तो लाथा झाडत होता. मधेच त्यानं तिच्या मनगटाचा लचका तोडला, पण तिनं सोडलं नाही.

शेजारची कडूबाई पळत आली. तिनं मागून पुष्पावतीचे केस धरले. "सोड गं त्याला. बुडवून मारतीस का?"

"डोळ्यात चुना गेलाय. धुतला न्हाई तर डोळे जातील. तुमी मेहताबचाचाकडं बघा."

कडूबाईच्या हातातून केस सुटले. आसारामच्या लाथाही थांबल्या. मग तोच टिपाडाची कड धरून तोंड पाण्यात घालू लागला.

पाणी दुधासारखं झालं तेव्हा तो जमिनीवर उताणा पडला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन पुष्पावती हंड्यातल्या पाण्यानं तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. तिच्या बोटांची कातडी सोलून आली होती.

त्याचा उजवा डोळा किलकिला झाला. आत नुसतं रक्त साकळलेलं.

"मारायचंच हुतं, तर मंग हे कशाला?"

मारायचंच होतं. फावडं उचलताना तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

"मान वळवा, भावजी," ती म्हणाली. "डावा राहिलाय."