शंभरात शून्य

जुगाराची हाव मारणारी लस देशभर टोचून आकडा शून्यावर आणला, तर खानोलकरसाहेबांना पदक मिळणार होतं. शेजारच्या देशात शंभरात सात जुगारी, म्हणून साहेब त्यांना हसायचे. लस त्यांनी आधी आपल्या घरात टोचवली.

लेकीच्या ऑपरेशनला मात्र सर्जन शेजारच्या देशातून आणावा लागला. लस टोचल्यापासून इथल्या सर्जनांचे हात सुरीला लागेनात.

"वाचायची शक्यता साठ टक्के. मी साठवर लावतो, साहेब. सही करा," सर्जन म्हणाला.

"आणि उरलेले चाळीस?" साहेबांचं पेन हलेना.

"अहो, करा ना सही!" त्यांची बायको सुनंदाबाई रडल्या.

"तूच कर."

"माझाही हात उठत नाही हो. तुम्हीच टोचवलीत ना!"

पदक देताना तक्ता वाचला गेला. शेजारी सात, आपण शून्य. साहेबांच्या घरी एक लेक होती, तिचंही शून्य झालं होतं.