राहिलेलं अक्षर

“त्या शाळेचं नाव काढू नका,” आबा म्हणाले आणि त्यांनी बशी जरा जोरातच खाली ठेवली.

सून दोन घरांचे कागद हातात धरून उभी होती. एक घर टेकडीवर, नव्या मोठ्या शाळेला लागून. दुसरं बाजाराच्या मागे, जुन्या शाळेपासून चार पावलांवर. कुठलं घ्यायचं ते नातीच्या शाळेवर ठरणार होतं. सून म्हणायची, भिंत पाडून पुन्हा बांधता येते, पहिली शाळा पुन्हा शिकता येत नाही. आठवडाभर ती दोन्ही फाटकांबाहेर उभी राहून आली होती. टेकडीवरची मुलं रांगेत, गुपचूप बाहेर पडत. जुन्या शाळेतली फाटकाबाहेर आली तरी मागे वळून बाईंशी वाद घालत. आणि बाई उभ्या राहून ऐकून घेत. सुनेचा कौल जुन्या शाळेला होता.

“पण का नको, आबा?” मुलाने विचारलं.

“छप्पर गळत असेल.”

“गळत नाही. मी बघून आलोय.”

“मग लांब पडेल.”

“लांब? अहो, घर शाळेच्या दारात आहे!”

“विचारलंत म्हणून सांगितलं. माझं नाही म्हणजे नाही.”

सहा वर्षांच्या नातीला सगळे टकळी म्हणत. ती मध्येच म्हणाली, “आबांना शाळेची भीती वाटते.”

सगळे हसले. आबा हसले नाहीत. पोरीने नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं.

आबांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या. वाचता मात्र येत नव्हतं. गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं. आबा चिठ्ठीतली अक्षरं मोजायचे, खडूच्या दोरीने फळीवर तेवढी घरं आखायचे आणि एकेका घरात एकेक अक्षर बसवायचे. फूल काढावं तसं. वळण असं देखणं, की कुणाला कधी शंका आली नाही. साठी उलटल्यावर सुनेने त्यांना अक्षरं शिकवली. मग आबा गावभर हिंडून आपल्याच पाट्या वाचून आले. रस्त्यावरून दिसणाऱ्या सगळ्या बरोबर निघाल्या. महिनाभर ते ताठ मानेने चालत होते.

आणि एक दिवस रंगांच्या डब्यात एक पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली. जुन्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीची. आबांनी ती सावकाश वाचली. ‘शिकवणारे’. अक्षरं पाच. आबांना लख्ख आठवलं. त्या फळीवर मोजणी चालू असताना एका मुलीने विचारलं होतं, “काका, काय लिहिताय?” आबांना उत्तर देता आलं नव्हतं. ते गडबडले होते आणि घरं आखली होती चार.

मधला ‘व’ राहिला होता.

त्या दिवसापासून आबांनी तो रस्ता सोडला. आता घरीच वाचायला लागलेली टकळी त्याच शाळेत जाणार. कुणीतरी तिला सांगणार, ही चूक तुझ्या आजोबांची. नुसत्या विचारानेच त्यांचे कान तापत.

“एकदा बघून तर या,” सून म्हणाली. “मग खुशाल नाही म्हणा. मी पुन्हा विषय काढणार नाही.”

दुसरं कुणी असतं तर आबांनी उडवून लावलं असतं. पण जिने अक्षर शिकवलं तिचा शब्द त्यांना मोडवेना.

दुसऱ्या दिवशी चौघंही गेली. शाळेच्या मोठ्या बाईंनी वर्ग दाखवले, पुस्तकांची कपाटं दाखवली, मुलांनी लावलेली वांगी दाखवली. वांग्यांपाशी आबा फार वेळ रेंगाळले. पण शेवटी ते दार आलंच. आबांनी मान खाली घातली. मग राहवेना म्हणून वर केली.

फळी जुनीच होती, रंग मात्र ताजा. अक्षरं त्यांच्याच वळणाची, कुणीतरी जपून पुन्हा गिरवलेली. टकळीने हवेत बोट फिरवत वाचलं. “शि... क... णा... रे. इथे मुलं बसतात?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “इथे आम्ही बसतो.”

“मग चुकलंय! मधला ‘व’ राहिलाय!”

“टकळे, गप!” मुलगा म्हणाला.

“तिला गप करू नकोस,” आबा म्हणाले. “बाई, ती चूक माझी. पाटी मी रंगवली. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. फळी काढून द्या, उद्याच्या उद्या नीट करून आणतो.”

मुलगा आणि सून त्यांच्याकडे बघतच राहिले.

“अहो, काढून कशी देऊ?” बाई म्हणाल्या. “दर दोन-चार वर्षांनी रंगारी येतो. दर वेळी म्हणतो, बाई, एक अक्षर राहिलंय, घालू का? आम्ही सांगतो, हात लावू नकोस. मी इथे नवी आले तेव्हा मीही हसले होते. मग वर्गात गेले, आणि पहिल्याच तासाला एका पोराने माझी चूक काढली.” त्या पाटीकडे बघून हसल्या. “संध्याकाळी या दाराशी आले, तेव्हा नाही हसू आलं.”

फाटकातून मुलं बाहेर पडत होती. एक मुलगी मागे वळून आपल्या सरांना काहीतरी पटवून देत होती. सर डोकं खाजवत ऐकत होते.

“मग आबा?” मुलाने हळूच विचारलं. “टेकडीवर जायचं ना?”

आबांनी टकळीचा हात धरला.

“आपलं अक्षर इथे राहिलंय,” ते म्हणाले. “आपणही इथेच राहू.”