दोन्ही बाजू

निषाद जर्मनीला गेल्यापासून त्याचा फिशटँक मीच सांभाळत होते. त्यातला दगड मी मोठ्या पातेल्यात ठेवला आणि गॅस पेटवला. त्या दगडावर बटणांएवढे हिरवे कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, नुसते माजले होते. उकळलं की सगळं स्वच्छ होतं, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. याच्या दुधाच्या बाटल्यासुद्धा मी अशाच उकळायचे.

मोठ्या कौतुकानं त्याला व्हिडिओ कॉल लावला. पातेलं बघताच तो जर्मनीतून किंचाळला, "आई, गॅस बंद कर! विषारी आहेत ते कोरल. त्यांची वाफ छातीत गेली तर दवाखाना गाठावा लागेल!"

मी गॅस बंद केला. पाणी अजून कोमटही झालं नव्हतं.

"खिडक्या उघड. हातमोजे न घालताच उचललास ना दगड? आता डोळे चोळू नकोस. बोटं तोंडात घालू नकोस. साबणानं हात धू, कोपरापर्यंत."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं, पण बेसिनकडे गेले. ही सगळी वाक्यं माझीच होती. मातीत लोळून, मांजराशी खेळून हा तसाच पानावर येऊन बसायचा आणि मी त्याला मोरीत पिटाळायचे. परत आला की हात तपासल्याशिवाय ताट वाढायचे नाही.

हात धुऊन मी फोनसमोर आले.

"दाखव," तो म्हणाला.

मी तळवे दाखवले.

"दुसरी बाजू?"

मी मुकाट्यानं हात उलटे केले. त्यानं नखंसुद्धा नीट बघितली.

"बस आता," तो म्हणाला, "वाढतो."