दर्भाचा कावळा

"हे चित्र उलटं टांगलंय का, विचारा त्यांना," कुसुम म्हणाली.

"तूच विचार," दीनानाथ म्हणाले.

"मी नाही. तुम्ही."

दीनानाथांनी कलादालनाच्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "चित्रकार आत चहा पितायत. त्यांनाही सकाळपासून तीच शंका आहे."

कुसुम हसली. दीनानाथ हसले नाहीत. सोमवारी ऑपरेशन होतं आणि वाचण्याची शक्यता डॉक्टरांनी निम्मी सांगितली होती. कुठली निम्मी, ते सांगितलं नव्हतं.

सहलीची कल्पना कुसुमची. विश्रांतवाडीचं घर बंद करून दोन दिवस सदाशिव पेठेतल्या लॉजवर राहायचं. चित्रं बघायची, बाहेर जेवायचं, पायी हिंडायचं. मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात. हे दोघं टिळक रोडला आले.

कारण होतं कावळा. गेल्या मे महिन्यात दीनानाथांचे थोरले भाऊ शरच्चंद्र वारले. दहाव्याला घाटावर पिंड मांडले आणि कावळा भिंतीवर बसून राहिला. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. नातेवाईक हात जोडून एकेक वचन देत गेले. पुतण्यानं तर सिगारेट सोडली. पार्किंगमध्ये पुन्हा धरली. कावळा हलेना. उन्हानं दोघींना चक्कर आली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. घराण्यात पहिल्यांदाच, असं सगळे अजून सांगतात, जसं काही घरात कुणी नापास झालंय.

"आपल्याकडे तसं व्हायला नको," कुसुमनं जाहीर केलं होतं. "काय असेल ते आधीच उरकून घ्यायचं. लोकांना ऊन लागतं."

दुपारी जेवायला गेले. कुसुमनं मेनूकार्ड दीनानाथांपुढे सरकवलं. आजवर हॉटेलात तीच मागवायची. हे फक्त जेवायचे.

"काय हवं ते सांगा त्याला."

"तुला?"

"मला भूक नाही. तुम्ही खा."

दीनानाथांनी मसालेभात सांगितला. वेटर म्हणाला, "संपला," आणि छताकडे बघत उभा राहिला. कुसुम मध्ये पडली नाही. बऱ्याच वेळानं दीनानाथांनी थालीपीठ मागवलं. दोन घासांनंतर ते थांबले.

"जात नाही गं."

"जाईल. हळूहळू."

संध्याकाळी पायी नारायण पेठेकडे निघाले. चौकातला सिग्नल बंद होता, त्यानं कुणाच्या गाडी चालवण्यात काही फरक पडला नव्हता. कुसुम एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली.

"तुम्ही व्हा पुढे. पलीकडून कॉफी घेऊन या."

"तू चल ना. मला नाही जमत एकट्याला."

"मी बघतेय इथून."

दीनानाथ रस्त्यावर उतरले, परत वर आले. पुन्हा उतरले, पुन्हा वर आले. एक स्कूटरवाली थांबली. "काका, मुहूर्त बघताय का?"

मग ते गेले. परत आले तेव्हा अर्धी कॉफी सांडली होती आणि शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. उरलेली कॉफी कुसुमनं घोट घोट करत संपवली.

"छान," ती म्हणाली. "झालं. आता काही राहिलं नाही."

 दीनानाथ चष्मा पुसत राहिले.

रविवारी रिक्षाही त्यांनीच मोबाइलवरून बोलावली. रिक्षावाल्याला ओटीपी सांगितला, तो शाळेत पाढा म्हणतात तसा, हात मागे बांधून. तोही बिचारा "शाब्बास" म्हणाला.

हॉस्पिटलच्या खोलीत एकच पलंग होता.  दीनानाथ पलंगाच्या काठावर बसले. सिस्टर हिरवा गाऊन घेऊन आत आली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "कपडे बदला काका, आणि आडवे व्हा."

कुसुमनं तिच्या हातातून गाऊन घेतला.

"उठा अहो," ती म्हणाली, "पेशंट मी आहे."