पाण्यात तळलेली पुरी

उकळत्या पाण्यात पुरी सोडताना मावशींचा हात आखडला. बावीस वर्षं त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पुऱ्या तळत आल्या होत्या, दिवसाला तीनशे तरी. पुरी पाण्यात टाकली की तिचा लगदा होणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

"वर तरंगली की काढायची," नवरा ओट्याला टेकून कागद वाचत होता. "मग फडक्यावर निथळायची आणि एअर फ्रायरमध्ये चार मिनिटं."

"वाचा, वाचा. जन्मभर लोकांची पत्रं वाटलीत, आता मला स्वयंपाक शिकवा."

नवरा निवृत्त पोस्टमन. आठवड्यापूर्वी दोघांची रक्ततपासणी झाली होती; कॅन्टीनचा तसा नियमच होता, आणि जोडीदाराची तपासणी फुकट. रिपोर्ट आणायला तोच गेला आणि तोंड पाडून परत आला. रक्तात चरबी फार, साखर काठावर. तळलेलं बंद. तीन महिन्यांत उतरलं नाही तर गोळ्या सुरू, आणि पुढचं काही सांगता येत नाही.

"आणि माझं?" मावशींनी विचारलं होतं.

"तुला काय धाड भरलीय?" तो म्हणाला होता. वाक्य मावशींचंच. डॉक्टरकडे चल म्हटलं की त्या हेच म्हणायच्या.

मावशींना रात्री झोप लागली नाही. या माणसाचं काही बरंवाईट झालं तर घरात भांडायला तरी कोण उरणार? दुसऱ्याच दिवशी तेलाचा डबा शेजारणीकडे गेला.

पहिली पुरी फाटली. दुसरी इतकी वातड झाली की नवऱ्याने दोन्ही हातांनी ओढून तोडली आणि तरीही "छान" म्हणाला. तिसऱ्या दिवशी मावशींनी कणीक घट्ट मळली, त्यात चमचाभर दही घातलं, कडा एकसारख्या लाटल्या. एअर फ्रायरच्या काचेआड पुरी हळूहळू उठली आणि टम्म फुगली. मावशी कणकेच्या हातांनी नवऱ्याला बोलवायला धावल्या.

नवऱ्याची अट एकच होती. "एकट्याच्या घशाखाली पथ्य उतरत नाही. तू खाशील तेच मी खाईन." मग मावशींनाही तेच खाणं आलं. कॅन्टीनमधलं येताजाता तोंडात टाकणं बंद झालं. संध्याकाळी फिरायलाही तो एकटा जाईना. परत येताना दुसऱ्या मजल्यावर मावशी कठडा धरून दम घ्यायच्या, तेव्हा तोही वाकून बुटाची नाडी बांधत बसायचा.

"एवढी चाकरी केलीत आणि नाडी बांधता येईना," मावशी म्हणायच्या.

हळूहळू नाडी सुटेनाशी झाली. दोघं सरळ चौथ्या मजल्यावर पोचू लागले.

तीन महिने भरले. "मला सुईची भीती वाटते, तूही दे," म्हणत नवऱ्याने मावशींनाही रक्त द्यायला लावलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना कोपऱ्यावरच्या टपरीशी मावशी थबकल्या. नवरा बाकावर बसला होता. पुढ्यात पुऱ्यांची बशी, बोटांवरून तेल ओघळतंय, चेहऱ्यावर परमसुख.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"किती दिवस चाललंय हे?"

"अगं, अधूनमधून," त्याने घास गिळला. "ऐक तरी."

त्यांनी ऐकलं नाही. डोळे पुसत त्या तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, लेकीच्या वयाची.

"बरं झालं आलात. रिपोर्ट आलेत. बसा."

"बसत नाही मी. त्यांना चांगलं दरडावा. मी जिवाचं रान केलं आणि हे तिकडे तळलेल्या पुऱ्या हाणतायत."

"मग एखाद्या दिवशी खाऊ दे की," डॉक्टर हसली. तिने टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "हे तीन महिन्यांपूर्वीचे आकडे, हे कालचे. केवढे उतरलेत बघा. गोळ्यांची गरज नाही."

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे वाचले ते?"

"ते?" डॉक्टर गोंधळली. "ते पहिल्यापासून ठणठणीत आहेत, मावशी. हे दोन्ही कागद तुमचे आहेत."