राहीची जागा

राहीच्या भावाच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, "भाऊजी, ताईच्या अस्थी मांडवीच्या धक्क्यावरूनच सोडल्यात ना? तिची आवडती जागा ती."

अस्थी परसातल्या फणसाला तशाच टांगलेल्या होत्या. राही रोज संध्याकाळी आगबोट बघायला धक्क्यावर जायची आणि तिथल्या होडीवाल्या दादू तांडेलाशी मोकळेपणाने हसायची. माझ्याजवळ ती तशी कधी हसली नव्हती. तिला त्याच्या पायाशी सोडायचं, या विचारानेच मी जळत होतो.

शेवटी गेलो. अस्थी सोडल्या आणि न राहवून विचारलं, "दादू, ती तुझ्याकडे कशाला यायची रे?"

"माज्याकडं कशाला येतील, आप्पा? वयनी म्हनायच्या, घरात सवत हाय, तिचं कौतुक किती बघत बसू?"

"सवत? माझ्या घरात?"

दादूने नुसतं बोट दाखवलं. अस्थी सोडायला येतानाही मी काखेत पुस्तक घेऊन आलो होतो.

त्याच संध्याकाळी मेव्हण्याला कार्ड टाकलं.


"तुझ्या ताईला मांडवीलाच सोडलं. तिथे तिला सवत नाही."