राहिलेल्या फुलाचा रंग

लॉजवाल्या बाईनं न विचारताच वडिलांची पिशवी उघडली आणि आतला दोऱ्यांचा डबा काढला, तेव्हा लेकीच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षांत वडील दर उन्हाळ्यात आठवडाभर डोंगरातल्या या लॉजवर यायचे. निमित्त आईच्या भरतकामाचं. फोटोत रंग फसवे येतात, खऱ्या रानफुलाशी ताडून दोरा आणा, असं म्हणून तीच त्यांना पाठवायची. लेक रजा टाकून आईपाशी बसायची. वडील परतायचे ते दहा वर्षांनी लहान होऊन. आणलेली लडी आई त्यांच्यासमोर गालाला लावून वाखाणायची आणि त्यांची पाठ वळली की कशाशीही न ताडता तळाच्या खणात टाकून द्यायची. ‘यांना रंगातलं काय कळतंय!’ म्हणत हसायची. आईला सगळं ठाऊक आहे, हे लेकीनं त्या हसण्यावरूनच ओळखलं होतं.

आता आई नव्हती. तरी उन्हाळा लागताच वडिलांनी माळ्यावरचे बूट काढले. तिच्या पलंगपोसावरचं एक फूल राहिलंय, म्हणाले. मीही येते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. तो तिनं बरोबर टिपला.

वरच्या कुरणात बर्फ नुकतंच हटलं होतं. ओल्या मातीतून बोटभर उंचीची फुलं दाटीनं वर आली होती. निळी, पिवळी, आणि खडकाच्या सांदीत लालबुंद. लेकीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. वडील आणि लॉजवाली त्या सांदीपाशी डोक्याला डोकं लावून बसले होते. बाईनं एक लडी उचलून वडिलांच्या तळहातावर ठेवली आणि काहीतरी पुटपुटली. वडील हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

लेक समोर जाऊन उभी राहिली.

“आई अंथरुणात होती तेव्हाही हेच चालायचं?”

बाई चपापली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली. “आता तरी सांगून टाका हो तिला,” म्हणाली आणि पाण्याची बाटली भरायला ओढ्याकडे गेली.

वडिलांनी हातातली लडी लेकीपुढे धरली.

“मला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही गं. जन्मापासून. ह्या निवडून देतात, नाहीतर फुलाला पानाचा रंग नेला असता मी. तुझ्या आईला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. लागला असता तर तिनं मला इथं पाठवलं असतं का?”

लेकीनं ती लडी घेतली आणि फुलाशेजारी धरली. रंग तंतोतंत होता.

‘यांना रंगातलं काय कळतंय’ म्हणत आई हसली तेव्हा, मग पाठवतेस कशाला, असं तिनं एकदा विचारलं होतं. आईनं दातांनी दोरा तोडला होता.

“परत येतात ना, तेव्हा त्यांचा चेहरा बघ.”